दुसऱ्या वर्षाचा ग्राहक

श्रोतेहो, नमस्कार.

नव्या तंत्रज्ञान कंपन्यांचा विषय निघाला की गप्पा दोनच गोष्टींवर येतात. कल्पना कुणाला सुचली, आणि पैसे कुणी घातले. एका माणसाची चौकशी मात्र फारशी होत नाही. पहिल्या वर्षी पैसे मोजणारा आणि वर्ष संपल्यावर कुणी मागे न लागता पुन्हा मोजणारा ग्राहक. माझ्या मते कंपनी चालणार की नाही, हे तोच ठरवतो. पहिली खरेदी कुतूहलानं होते, ओळखीनं होते, कधी भिडेखातरही होते. दुसरी तशी होत नाही.

उदाहरण आपल्या पुण्याचंच घेऊ. अँटिव्हायरस बनवणाऱ्या क्विक हील या कंपनीचं.

कैलास काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम शिकले, मग स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे दुकानात संगणक यायला लागले आणि त्यांच्याबरोबर व्हायरसही. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी हे व्हायरस काढून टाकणारे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यातूनच 1990च्या दशकाच्या मध्यावर अँटिव्हायरस बाजारात आला.

इथे जरा आडवळण घेतो. वैयक्तिक संगणकावरचा पहिला गाजलेला व्हायरस म्हणजे ‘ब्रेन’. तो 1986 साली लाहोरमध्ये लिहिला गेला, आणि लिहिणारेही दोघे भाऊच होते. आपण बनवलेल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरून प्रती निघू नयेत, असा त्यांचा उद्देश असल्याचं ते सांगत. म्हणजे सॉफ्टवेअर फुकट वापरणाऱ्यांचा त्रास तिकडेही होताच.

आपल्याकडे तर त्या काळी सॉफ्टवेअरसाठी वेगळे पैसे द्यायचे असतात, हेच अनेकांच्या गावी नव्हतं. संगणक जोडून देणारा सांगायचा, ‘‘साहेब, सगळं टाकून देतो.’’ त्या ‘सगळं’मध्ये काय काय असायचं, ते तुम्हाला माहीत आहे. अशा बाजारात सॉफ्टवेअर विकायला निघणं म्हणजे धाडसच. मग अँटिव्हायरस खपला कसा?

मला त्याचं कारण असं दिसतं. पत्रं टाइप करायच्या प्रोग्रॅमची चोरलेली प्रत पाच वर्षांनीही तितकीच चालते. अँटिव्हायरसची प्रत शिळी होते. नवा व्हायरस आला की जुनी फ्लॉपी काही कामाची नाही. अपडेट हवा, आणि तो पैसे भरणाऱ्यालाच मिळतो. आता हे आपल्याला साधं वाटतं, पण तेव्हाची परिस्थिती आठवा. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगमच्या मार्फत, तेही टेलिफोनच्या तारेवरून, रखडत. पहिल्या काळात अपडेटसुद्धा फ्लॉपीवरूनच पोचवावे लागत. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणं हे निम्मंच काम, तो वेळेवर पोचता करणं हे उरलेलं निम्मं. 26 एप्रिल 1999 रोजी ‘चेर्नोबिल’ या नावानं ओळखला जाणारा सीआयएच व्हायरस जागा झाला आणि आशियातल्या कितीतरी संगणकांवरची माहिती पुसली गेली. त्या दिवशी ज्याच्याकडे ताजा अपडेट होता आणि ज्याच्याकडे नव्हता, त्यांच्यातला फरक कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही.

विक्रीची बाजू मला त्याहून महत्त्वाची वाटते. संगणक बिघडला की आपण कंपनीला फोन करत नाही. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला बोलावतो, आणि तो सांगेल तो अँटिव्हायरस घेतो. क्विक हीलनं विक्रीची बांधणी नेमकी या माणसावर केली. पुढे देशभर असे हजारो विक्रेते झाले आणि कंपनीचं बहुतांश उत्पन्न घरगुती ग्राहकांना होणाऱ्या किरकोळ विक्रीतून येऊ लागलं. दुरुस्तीच्या दुकानात उभ्या राहिलेल्या माणसाला हे सुचणं स्वाभाविक होतं. आज उत्तम इंजिनिअर असलेले तरुण उत्पादन तयार करतात, संकेतस्थळ सुरू करतात आणि ग्राहक येईल म्हणून वाट बघतात. आपल्या ग्राहकाला सल्ला कोण देतं, तो कुणाचं ऐकतो, हे विचारलं की उत्तर येत नाही. मी असे बरेच जण बघितले आहेत. हुशारीत कुणी कमी नव्हतं.

कंपनी मोठी झाली की अडचणी संपत नाहीत, फक्त बदलतात. काटकरांच्या कंपनीचं नाव आधी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं, ते 2007 साली क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं. 2010 साली सिकोया कॅपिटल या गुंतवणूकदार कंपनीची साठ कोटींची गुंतवणूक आली. फेब्रुवारी 2016मध्ये 321 रुपयांना एक याप्रमाणे शेअर विकून कंपनी शेअर बाजारात उतरली, आणि पहिल्याच दिवशी भाव त्याच्या खाली बंद झाला. दरम्यान 2012 साली विंडोज 8 आलं होतं, आणि मायक्रोसॉफ्टनं त्यात स्वतःचा अँटिव्हायरस आतच घालून दिला होता. फुकट. आता घरातला माणूस विचारणार, मी दुसऱ्या वर्षी पैसे का भरू? या प्रश्नाला जाहिरातीनं उत्तर देता येत नाही. कंपन्या आणि कार्यालयांसाठी ‘सेकराइट’ हा वेगळा ब्रँड उभा करणं, हा क्विक हीलनं शोधलेला एक मार्ग. पण कार्यालयाला विकणं आणि दुरुस्तीवाल्यामार्फत घराघरांत विकणं हे दोन निराळे धंदे आहेत. माणसं वेगळी लागतात, धीर वेगळा लागतो.

आजच्या संस्थापकाकडे फ्लॉपी नाही, कुरियर नाही. ग्राहकानं कार्ड एकदा दिलं की दर महिन्याला पैसे आपोआप यावेत, अशी सगळी मांडणी. आणि तीच कशी अडते, ते 2021 साली दिसलं. त्या वर्षी 1 ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. कार्डावरून नियमित वळत्या होणाऱ्या रकमेची ग्राहकाला आधी सूचना द्यायची, आणि रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर दर वेळी ओटीपी. ग्राहकाच्या दृष्टीनं नियम योग्यच होता. नकळत पैसे कापले जाण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. पण बँकांची तयारी सगळीकडे पूर्ण नव्हती, आणि ग्राहक राजी असूनही पैसे अडकले. जून 2022मध्ये ही मर्यादा पंधरा हजारांवर नेली गेली. मोठ्या कंपन्या अशा खळग्यातून निघून जातात. दोनशे ग्राहकांवर चालणाऱ्या छोट्या कंपनीला त्यातले चाळीस गळाले की पगाराची तारीख दिसायला लागते. आणि क्लाउडचं, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरचं, बिल मात्र दर महिन्याला न चुकता येतं. वापर वाढला की तेही वाढतं, ग्राहकानं पैसे दिलेले असोत वा नसोत.

मोठ्या कंपनीला विकायला गेलं तर गंमत आणखी वेगळी. आधी ‘पायलट’, म्हणजे लहान प्रमाणावर चाचणी, करून दाखवा म्हणतात. बहुधा विनामूल्य. मग खरेदी विभाग, मग कायदा विभाग, मग ज्या साहेबांना तुमचं काम आवडलं होतं त्यांची बदली. ऑर्डर मिळाली, काम झालं, बिल दिलं, की वसुली सुरू. कायदा इथे लहान उद्योगाच्या बाजूनं आहे. 2006चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो की लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांत द्यायचे, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, चक्रवाढ व्याज. 1 एप्रिल 2024पासून आयकर कायद्यातही तरतूद लागू झाली: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला करपात्र उत्पन्नातून वजा करता येणार नाही.

कागदावर हे चोख आहे. पण पुढच्या वर्षी ज्याच्याकडून पुन्हा काम हवंय, त्याच्याकडे व्याज मागायला कोण जाणार? उलट ही तरतूद आल्यावर काही खरेदीदारांनी आपल्या पुरवठादारांना उद्यम नोंदणीच, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे असलेली नोंदणीच, रद्द करायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा तुमच्या ओळखीतलं कुणी नवं सॉफ्टवेअर घेऊन बाजारात उतरत असेल, तर कल्पना कशी आहे ते जरूर विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा, की पहिल्या वर्षीच्या ग्राहकांपैकी परत किती आले, आणि आलेल्यांचं बिल किती दिवसांत भरलं गेलं.

नमस्कार.