साइक्स: शिवेवरच्या ओघळाचं आडनाव

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, गेल्या वेळी इंग्लंडमधल्या गावांच्या नावांबद्दल बरंच बोलणं झालं. त्यामुळे सॅक्सन कोण, नॉर्मन कोण, डेन लोक यॉर्कशायरमध्ये कसे शिरले, हे आज पुन्हा सांगत नाही. आज एकच आडनाव घेतो. साइक्स. कोल्हापूरकरांना ते नवीन नाही. साइक्स एक्स्टेन्शनमधली बरीच मंडळी समोर दिसताहेत. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना तुम्ही रोज एका यॉर्कशायरच्या शेतकऱ्याचं नाव घेता, एवढं आज पटवून दिलं की माझं काम झालं.

हे आडनाव ऐकलं की कुणाला गव्हर्नर आठवतो. सर फ्रेडरिक साइक्स, 1928 ते 1933 मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. सोलापूरचा 1930 चा मार्शल लॉ त्यांच्याच कारकिर्दीतला. जानेवारी 1931 मध्ये मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे फासावर गेले, तेही त्यांच्याच काळात. ते नाव उच्चारताना हे विसरू नये. कुणाला 1916 चा साइक्स-पिको करार आठवेल. ऑटोमन साम्राज्याचे अरब मुलूख इंग्रज आणि फ्रेंचांनी नकाशावर रेघ मारून वाटून घेतले, त्यातला मार्क साइक्स.

माझा जीव जडलाय तो तिसऱ्याच साइक्सवर. कर्नल विल्यम हेन्री साइक्स. कंपनीच्या मुंबई फौजेतला, 1817 साली खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या विरुद्ध उभा असलेला. म्हणजे आपला शत्रूच. पण 1824 मध्ये मुंबई सरकारने त्याला स्टॅटिस्टिकल रिपोर्टर नेमलं आणि या माणसाने दख्खन पायाखाली घातला. गावात माणसं किती, मिरासदार कोण, उपरी कोण, पाऊस किती, हवेचा दाब किती, नदीत मासे कोणते, सगळं लिहून ठेवलं. 1832 मध्ये त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने छापली. माळरानावर तुरेवाला, तांबूस अंगाचा एक छोटा चंडोल दिसतो, तो आजही पक्षीनिरीक्षकांत साइक्सचा चंडोल म्हणून ओळखला जातो. आणि साइक्सने त्याला शास्त्रीय नाव काय द्यावं? देवा. दुसऱ्या एका वटवट्याला काय द्यावं? रामा. पुण्या-नगरच्या माळावर हिंडून हिंडून त्याच्या जिभेवर जे बसलं, ते त्याने लॅटिनच्या पंगतीत नेऊन बसवलं! पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला आणि 1857 पासून 1872 मध्ये मरेपर्यंत ॲबरडीनचा खासदार होता. त्याचे वडील यॉर्कशायरमधल्या फ्रीझिंगहॉलचे. ते यॉर्कशायर लक्षात ठेवा.

आता गव्हर्नर, कर्नल, करार करणारा सरदारपुत्र, अशी माणसं एका आडनावात दिसली की ऐकणारा धरूनच चालतो: घराणं मोठं असणार, 1066 साली इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यमबरोबर घोड्यावर बसून आलेलं असणार, घरात ढाल-तलवार असणार. माझं सगळं भांडण या समजुतीशी आहे. आणि ही समजूत फुकट पसरत नाही, तिचा धंदा चालतो.

यॉर्कला एका दुकानात हे मी पाहिलंय. तुम्ही आडनाव सांगायचं, काउंटरवरचा मुलगा ते संगणकात घालणार आणि दोन मिनिटांत जाड पिवळसर कागदावर रंगीत ढाल छापून देणार. वर शिरस्त्राण, खाली लॅटिन ब्रीदवाक्य, बाजूला ‘तुमच्या घराण्याचा इतिहास’. लाकडी पाटीवर हवी असेल तर जास्त पैसे. माझ्या पुढे ऑस्ट्रेलियाहून आलेलं एक वयस्कर जोडपं होतं. बाईंनी ती ढाल दोन्ही हातांत धरली होती, नातवाच्या खोलीत लावायची म्हणत होत्या. मी त्या मुलाला विचारलं, ही ढाल नेमकी कुणाची? तो म्हणाला, या आडनावाची. मी म्हटलं, बाळा, आडनावाला ढाल नसते. त्याने खांदे उडवले आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं. त्या बाईंचा चेहरा पाहून माझ्याच्याने पुढे बोलवलं नाही, पण राग अजून गेलेला नाही. दूरदेशाहून आपलं मूळ शोधत आलेल्या माणसाच्या हातात परक्या माणसाचं चिन्ह द्यायचं आणि वर पैसे घ्यायचे, याला मी फसवणूकच म्हणतो.

इंग्लंडचा कायदा यात अगदी स्पष्ट आहे. ढाल, म्हणजे कुलचिन्ह, एका विशिष्ट व्यक्तीला बहाल होतं आणि तिच्या वैध वंशजांकडे जातं. ते काम लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स करतं, तिसऱ्या रिचर्डच्या 1484 च्या सनदेने स्थापन झालेलं. तुमचं आडनाव तेच असेल आणि वंश जोडता येत नसेल, तर त्या ढालीवर तुमचा काही हक्क नाही. आणि हा कायदा मेलेला नाही. 1954 मध्ये मँचेस्टरच्या एका नाट्यगृहाने शहराच्या नगरपालिकेचं चिन्ह वापरलं, म्हणून नगरपालिका कोर्ट ऑफ शिव्हलरीत, म्हणजे कुलचिन्हांचे तंटे सोडवणाऱ्या कोर्टात, गेली. ते कोर्ट त्याआधी दोनशेहून जास्त वर्षं भरलंच नव्हतं! त्या एका खटल्यासाठी ते भरलं आणि निकाल नगरपालिकेच्या बाजूने लागला.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. हो, येतो मूळ मुद्द्यावर.

यॉर्कशायरमधल्या हडर्सफील्डच्या पश्चिमेला कोल्न नदीचं खोरं आहे. स्लेथवेट नावाचं गाव आहे तिथे, गावकरी त्याला ‘स्लॉइट’ म्हणतात. दगडी घरं, वरच्या मजल्यावर एकाला एक लागून खिडक्यांची रांग, कारण वर हातमाग असायचा आणि मागाला उजेड हवा. गावाच्या वर चढून गेलात की मूर, म्हणजे झाडं नसलेला ओला माळ. त्या माळातून बारीक पाणी वाहतं, एका ढांगेत ओलांडता येईल इतकं. मातीमुळे चहाच्या रंगाचं, काठाने लव्हाळी, उन्हाळ्यात बरेचदा कोरडं. याला तिथल्या बोलीत साइक म्हणतात. आपला ओघळच. पण हा ओघळ महत्त्वाचा, कारण दोन रानांची, कधी दोन गावांची शीव बरेचदा त्याच्यावरून ठरे. त्याच्या काठी घर असलेला माणूस म्हणजे ‘ओघळावरचा’. जुन्या कागदांत ‘देल साइक’.

हे लिहून ठेवायची गरज का पडली? कारण गावात सगळे जॉन, विल्यम, रॉबर्ट आणि थॉमस. मूठभर नावांत अख्खा मुलूख. आणि जमीन बापाकडून मुलाकडे जाताना मॅनरच्या, म्हणजे जहागिरीच्या, कोर्टात नोंद व्हायची, नजराणा भरायचा, तेव्हा कुठला जॉन हे कारकुनाला कळायला हवं. वेकफील्ड मॅनरच्या कोर्टाच्या चर्मपत्राच्या गुंडाळ्या 1274 पासून जवळजवळ सलग शिल्लक आहेत. या मुलखात साइक हे नाव कागदावर दिसतं तेही तेराव्या शतकाच्या अखेरीस. मग 1379 चा डोईपट्टीचा कर येतो, साध्या मजुराच्या जोडप्याला 4 पेन्स, आणि वेस्ट रायडिंगच्या, म्हणजे यॉर्कशायरच्या पश्चिम भागाच्या, गावोगावची नावं एका झटक्यात कागदावर येतात. 1538 पासून चर्चची नोंदवही. तोवर नाव बापाचं मुलाला चिकटलेलं असतं, घर ओघळावरून हललं तरी.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. गावाचं नाव आडनाव म्हणून मिळायला माणसाने गाव सोडावं लागतं. गावातच राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण ओळखणार? आपल्या ‘कर’ मंडळींना हे सांगायला नको. पण ओघळ, टेकाड, कुरण यांवरून पडलेलं नाव गावात टिकून राहणाऱ्याचं असतं. साइक्स हे टिकून राहणाऱ्यांचं आडनाव आहे, म्हणूनच आजही ते हडर्सफील्डच्या आसपास इतकं दाट सापडतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. डीएनएचं बोलायचं कबूल केलं होतं, ते भराभर सांगतो.

ओघळ तर उत्तर इंग्लंडभर आहेत. मग हे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं असणार, असाच जुन्या अभ्यासकांचा अंदाज होता. ऑक्सफर्डचे आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स, स्वतः त्याच आडनावाचे, यांनी ते तपासून पाहिलं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, इंग्रजी आडनावही तसंच. त्यांनी आणि कॅथरीन आयर्व्हेन यांनी साइक्स आडनावाच्या 48 पुरुषांचे नमुने तपासले आणि 2000 साली निष्कर्ष छापले. जवळजवळ निम्म्यांमध्ये वाय गुणसूत्रावरच्या खुणांचा एकच संच निघाला. तुलनेसाठी घेतलेल्या त्याच भागातल्या आणि बाकी ब्रिटनमधल्या पुरुषांत तो सापडलाच नाही. म्हणजे एक मूळपुरुष, सातशे वर्षांपूर्वीचा. उरलेले निम्मे? दत्तक, आईकडून आलेलं आडनाव, विवाहबाह्य संतती. सातशे वर्षांत हे सगळं घडतंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दोन सावधगिऱ्या. त्या अभ्यासात गुणसूत्रावरच्या चारच खुणा तपासल्या होत्या. आज त्याहून कितीतरी जास्त तपासतात, तेव्हा ‘एकच मूळपुरुष’ हे वाक्य जपून वापरा. दुसरं, हे प्रत्येक आडनावाला लागू नाही. लेस्टर विद्यापीठाच्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 2009 मध्ये चाळीस आडनावं तपासली. दुर्मिळ आडनावांत माणसं खरोखरच एकमेकांची भाऊबंद निघाली. स्मिथांमध्ये मात्र रस्त्यावरच्या कुठल्याही दोन माणसांत असेल तेवढंच नातं सापडलं, कारण लोहार प्रत्येक गावात होता. किंग म्हणजे त्याच, ज्यांनी पुढे लेस्टरच्या पार्किंगखाली सापडलेल्या तिसऱ्या रिचर्डच्या हाडांचा डीएनए जुळवला. कॉलेज ऑफ आर्म्सला सनद देणारा तोच राजा.

कर्नल साइक्स त्या ओघळावरच्या माणसाचा वंशज होता का, हे कुणीतरी हमखास विचारणार. यॉर्कशायरचा बाप आणि हे आडनाव, एवढ्यावर शक्यता सांगता येते, खात्री देता येत नाही. त्यासाठी नोंदवहीतून पिढी-पिढी मागे जावं लागेल. बेल वाजली. प्रश्न घेऊ.