निकाल उशिरा लागला

श्रोतेहो, नमस्कार.

माझं आयुष्य गॅरेजात गेलं. उमेदवारीच्या पहिल्याच महिन्यात आमचे उस्ताद सांगायचे, गाडी मागून बसलेली दिसली की आधी पाटे, म्हणजे चाकांजवळच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, बघ. कांद्याने भरलेला टेम्पो लांबून ओळखू येतो, कारण त्याची मागची बाजू खाली दबलेली असते. आज ज्या माणसांबद्दल बोलणार आहे ती अमेरिकेतल्या मोटार शर्यतींमधली, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची. पण त्यांची गोष्ट सुरू होते ती या पाट्यांपासूनच.

१९ जून १९४९. नॉर्थ कॅरोलिनातलं शार्लट गाव. पाऊण मैलाचा मातीचा गोल ट्रॅक, ३३ गाड्या आणि २०० फेऱ्या. मोटारींच्या शर्यती भरवणाऱ्या, नव्याने निघालेल्या नॅस्कार या संस्थेची ही ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ गटातली पहिली शर्यत. स्टॉक म्हणजे आपल्या भाषेत कंपनी फिटिंग. शोरूममधून गाडी निघाली तशीच ट्रॅकवर आणायची, कसलीही कलाकुसर चालणार नाही. धुळीने माखलेला ग्लेन डनवे सगळ्यांत आधी झेंड्याखालून गेला. पहिलं बक्षीस २००० डॉलरचं. मग तपासणीसाने त्याची फोर्ड उचलून खाली बघितलं, तर मागचे पाटे फाकवून कडक केलेले. डनवे बाद. बक्षीस गेलं जिम रोपरला, जो कॅन्सासहून लिंकन घेऊन आला होता. डनवेच्या गाडीचा मालक कोर्टात गेला, पण दावा फेटाळला गेला.

आता पाटे कडक का केले होते? तर ती गाडी हातभट्टीची होती.

१९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली, पण सरकारी कर राहिला आणि दक्षिणेतले कितीतरी जिल्हे कोरडेच राहिले. त्यामुळे डोंगरातल्या भट्ट्या काही विझल्या नाहीत. रात्री चंद्राच्या उजेडात गाळायची म्हणून तिचं नाव मूनशाइन. ती शहरात न्यायला १९३९-४० सालची फोर्ड कूपे बेस्ट. व्ही-एट इंजिन, डिकी मोठी, मागची सीट काढून टाकली की मालच माल. फक्त एक अडचण. माल भरला की गाडी मागून बसते आणि ती बसलेली गाडी एक्साइजवाल्यांना लगेच कळते. म्हणून पाटे असे करायचे की भरलेली गाडीही रिकामीसारखी दिसावी. शिवाय वळणावर तीच गाडी जमिनीला घट्ट धरून राहते. पोलिसांना फसवायची युक्ती शर्यतीतही कामाला आली आणि तिनेच पहिला निकाल फिरवला.

या गाड्या बांधायचा कोण? अटलांटात रेड व्होट नावाचा मेकॅनिक होता. त्याचं वैशिष्ट्य ऐकून मला माझ्या हाताची नखं बघावीशी वाटतात. हा माणूस गॅरेजात पांढऱ्याशुभ्र कपड्यांत वावरायचा. भट्टीवाले त्याच्याकडून गाडीचा वेग वाढवून घ्यायचे, आणि त्यांचा पाठलाग करणारे पोलिसही आपली गाडी त्याच्याकडेच आणायचे! दोन्ही बाजूंची बिलं एकाच वहीत. धंदा म्हणतात तो हा.

त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे रेमंड पार्क्स. जॉर्जियातल्या डॉसनव्हिलचा. पोरवयातच घर सोडून भट्टीच्या धंद्यात पडला, तुरुंगात जाऊन आला, पुढे पेट्रोल पंप वगैरे करून श्रीमंत झाला. शर्यतीच्या गाड्यांवर पैसा लावणारा पहिल्या पिढीतला मालक तो. चालवायला त्याचेच नातेवाईक, लॉईड से आणि रॉय हॉल, दोघेही दारू वाहण्यात तरबेज. १ सप्टेंबर १९४१ ला लॉईडने अटलांटाच्या लेकवुड ट्रॅकवर मोठी शर्यत जिंकली. दुसऱ्या दिवशी त्याच्या चुलतभावाने त्याला गोळी घातली. भांडण कशावरून? साखरेवरून. भट्टीला साखर पोत्यांनी लागते आणि त्या साखरेच्या हिशेबावरून वाद झाला. लॉईड एकवीस वर्षांचा होता. डॉसनव्हिलला त्याच्या थडग्याच्या दगडावर फोर्ड कूपे कोरलेली आहे आणि तिच्या खिडकीत, ड्रायव्हरच्या जागी, त्याचा फोटो बसवला आहे.

युद्ध आलं. पार्क्स स्वतः युरोपात लढून परतला. त्याला नवा ड्रायव्हर मिळाला रेड बायरन. बॉम्बर विमानात असताना त्याचा डावा पाय विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात पार निकामी झाला होता. क्लच दाबायचा पाय तो! मग क्लचच्या पेडलला एक लोखंडी रिकीब बोल्टने पक्की केली, घोड्याच्या खोगिराला असते तशी, आणि बायरनचा बूट त्यात अडकवायचा. आपण विचार करा, ट्रॅकवर गाडी उलटली तर पाय सोडवायचा कसा? पण १५ फेब्रुवारी १९४८ ला फ्लोरिडातल्या डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत, नॅस्कारची पहिली शर्यत झाली ती बायरनने जिंकली. गाडी पार्क्सची, हात व्होटचा. १९४९ चा पहिला ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ अजिंक्यपदाचा मानही बायरनलाच मिळाला.

नॅस्कार म्हटलं की सगळे बिल फ्रान्सचं नाव घेतात आणि ते बरोबरच आहे. १४ डिसेंबर १९४७ ला डेटोनातल्या स्ट्रीमलाइन हॉटेलच्या बारमध्ये त्याने ड्रायव्हर, मालक, ट्रॅकवाले अशी सगळी मंडळी जमवली. कारण त्या काळी आयोजक तिकिटाचा गल्ला घेऊन शर्यत संपायच्या आत पसार व्हायचे. पण संस्थेचं नाव काय ठेवायचं? मतदान झालं, दुसरंच एक नाव निवडून आलं. मग कळलं की जॉर्जियात त्या नावाची संस्था आधीपासूनच आहे. तेव्हा पराभूत झालेलं नाव घ्यावं लागलं, नॅस्कार. ते सुचवलं होतं त्याच पांढऱ्या कपड्यांतल्या रेड व्होटने.

आणि बायका? होत्या की. शार्लटच्या त्या पहिल्याच शर्यतीत सॅरा ख्रिश्चन गाडी चालवत होती. माझी लाडकी मात्र लुईस स्मिथ. १९४७ साली नवऱ्याची नवी कोरी फोर्ड घेऊन ही डेटोनाला शर्यत बघायला गेली. बघणं राहिलं बाजूला, हिने त्यातच नाव नोंदवलं आणि गाडीचा चुराडा केला. घरी आली बसने. नवऱ्याने विचारलं, गाडी कुठाय? म्हणाली, वाटेत बिघडली. नवऱ्याने पुढ्यात वर्तमानपत्र टाकलं, त्यात चुराडा झालेल्या गाडीचा फोटो. लुईसने त्यानंतरही शर्यती सोडल्या नाहीत, १९९९ साली तिचं नाव मोटरस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय हॉल ऑफ फेममध्ये गेलं. घरी ती गोष्ट नंतर किती वेळा उगाळली गेली असेल, देव जाणे.

१९४९ ची ती शर्यत बघायला अकरा वर्षांचा रिचर्ड पेटी आला होता, त्याचे वडील ली पेटी भाग घेणार म्हणून. घरचे ज्या ब्यूइकमधून आले तीच गाडी लीने ट्रॅकवर उतरवली आणि तीच उलटली. परतीची गाडी गेली! याच लीचा १९५९ चा निकाल तर तीन दिवस लोंबकळत राहिला. डेटोनाचा नवा, कडा तिरक्या असलेला ट्रॅक, पहिली डेटोना ५००, आणि दोन गाड्या शेजारी-शेजारी रेषेवर. बिल फ्रान्सने जॉनी बोशांला विजेता जाहीर करून टाकलं. मग वार्तापटाची फिल्म आणि फोटो तपासले तेव्हा लीची गाडी पुढे होती.

पण सगळ्यांत उशिरा लागलेला निकाल वेंडेल स्कॉटचा.

व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा हा कृष्णवर्णीय मेकॅनिक. युद्धात लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या, गावात टॅक्सी चालवली, अधूनमधून भट्टीचा मालही पोचवला. १९५२ साली गावच्या ट्रॅकवर गर्दी कमी होऊ लागली, तेव्हा आयोजकांना वाटलं की एक काळा ड्रायव्हर आणला तर तिकिटं खपतील. ते थेट पोलिसांकडे गेले, सुसाट गाडी चालवणारा कोणी आहे का म्हणून विचारायला. पोलिसांनी लगेच स्कॉटचं नाव सांगितलं. त्याच्या मागे धावून ते दमले होते ना!

मोठ्या कंपन्यांचा पैसा त्याला मिळाला नाही. जुन्या गाड्या, दुसऱ्यांनी वापरून टाकलेले सुटे भाग, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत, मदतीला स्वतःची मुलं. दुसऱ्यांच्या क्रूमध्ये टायर बदलायला माणसं असायची. हा गाडी चालवायचा, तोच रात्री तिच्याखाली शिरायचा. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे ऐकून पाठ दुखायला लागते.

१ डिसेंबर १९६३, फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल, अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक. स्कॉट बाकीच्यांपेक्षा दोन फेऱ्या पुढे होता, तरी शर्यत संपल्याचा झेंडा त्याला दाखवलाच नाही. विजेता म्हणून बक बेकरचं नाव जाहीर झालं, करंडक त्याच्या हातात, फोटो त्याचे. तेव्हाच्या दक्षिणेत गोऱ्या मुलीच्या हातून काळ्या माणसाने करंडक घ्यायचा आणि गालावर चुंबन घ्यायचं, हे दृश्य कोणाला नको होतं, ते उघड बोलायची गरज नव्हती. दोनेक तासांनी, लोक घरी गेल्यावर, फेऱ्या मोजताना चूक झाल्याचं मान्य झालं. बक्षिसाची रक्कम स्कॉटला मिळाली. करंडक मिळाला नाही. काही आठवड्यांनी त्याला एक साधा लाकडी करंडक देण्यात आला.

फेऱ्या हाताने मोजायचा जमाना होता, चूक होऊ शकते, हे मी मान्य करतो. पण चूक नेमकी याच माणसाच्या बाबतीत व्हावी, यावर माझा विश्वास बसत नाही.

स्कॉट १९९० साली गेला. २०१५ मध्ये त्याचं नाव नॅस्कारच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झालं. आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये, डेटोनाच्या ट्रॅकवर, त्या १९६३ च्या शर्यतीचा करंडक नॅस्कारने त्याच्या कुटुंबाच्या हाती दिला. मधे जवळजवळ ५८ वर्षं गेली होती. जे घ्यायला आले त्यांच्यात त्याची मुलंही होती, तीच, जी लहानपणी पिटमध्ये पाने-पक्कड हातात देत उभी राहायची.

नमस्कार.