तिसरा किलोवॅट किती वाचवतो?

(दृश्य: महावितरणचं घरगुती लाईट बिल टेबलावर पसरलेलं. कॅमेरा 'एकूण देयक' या चौकटीवर.)

बिल ४,२१९ रुपये. वापर ३४० युनिट. भागाकार केला की युनिटला १२ रुपये ४१ पैसे पडतात. छतावरच्या सोलरची बरीच प्रपोजल इथूनच सुरू होतात. इतके किलोवॅट, महिन्याला इतके युनिट, गुणिले १२.४१, ही तुमची बचत. भागाकारात चूक नाही. पण या घराला एकही युनिट १२ रुपये ४१ पैशांना मिळत नाही.

(दृश्य: बिलाची मागची बाजू. बोट एकेका आकारावरून सरकतं.)

महावितरणच्या घरगुती ग्राहकाचे स्लॅब, म्हणजे महिन्याच्या वापराचे टप्पे, चार. शंभर युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०२४-२५ साठी ठरवलेला वीज आकार अनुक्रमे ४.७१, १०.२९, १४.५५ आणि १६.६४ रुपये होता. हे दर इथे उदाहरणापुरते घेतले आहेत. प्रपोजल करताना चालू आदेशातले घ्यायचे. वीज आकारावर प्रत्येक युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च. सिंगल फेजला महिन्याचा स्थिर आकार १२८ रुपये. आणि या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. एखाद्या महिन्यात इंधन समायोजन आकार येतो, एखाद्या महिन्यात येत नाही. इथे तो शून्य धरला आहे.

वहन आकार आणि शुल्क धरून पहिल्या शंभरातला युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडतो. दुसऱ्या स्लॅबमधला १३ रुपये २९ पैशांना आणि तिसऱ्यातला १८ रुपये २४ पैशांना.

सोलर युनिट कमी करतं ते वरून. डब्यातल्या पोळ्यांसारखं, वरची आधी निघते. म्हणजे आधी १८ रुपयांचे युनिट जातात, मग १३ चे, आणि सगळ्यात शेवटी पावणेसात रुपयांचे.

(दृश्य: छतावर तीन गटांत पॅनेल. एकेक गट उजळतो.)

महाराष्ट्रात एक किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे महिन्याला १२०. आपल्या ३४० युनिटच्या घरात पहिला किलोवॅट तिसऱ्या स्लॅबमधले ४० आणि दुसऱ्यातले ८० युनिट उडवतो. बचत १,७९३ रुपये. दुसऱ्या किलोवॅटचे १२० युनिट सगळे दुसऱ्या स्लॅबमधले, बचत १,५९५. तिसऱ्याला उरतात फक्त पहिल्या स्लॅबचे शंभर. बचत ६८२ रुपये, आणि वीज कंपनीकडे गेलेले २० युनिट खात्यावर शिल्लक.

सरासरीचं प्रपोजल मात्र तिन्ही किलोवॅटना सारखेच १,४८९ रुपये देतं. तिन्हींची बेरीज ४,४६८. मूळ बिलच ४,२१९ चं होतं! बिलापेक्षा बचत जास्त दिसली, तर तो कागद तिथेच परत करावा. कितीही पॅनेल लावली तरी स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क, म्हणजे या घरात साधारण १४८ रुपये, दरमहा भरावेच लागतात. थ्री फेज जोडणी असेल तर स्थिर आकार तिपटीहून जास्त.

मग तिसरा किलोवॅट घेऊच नये का? तसंही नाही. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार असं ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. तीनच्या पुढे घरगुती ग्राहकाला अनुदान वाढत नाही. म्हणजे तिसऱ्याला बचत कमी आणि अनुदानही कमी. पण पुढच्या उन्हाळ्यात एसी येणार असेल किंवा दारात विजेची स्कूटर उभी राहणार असेल, तर एकूण वापर वर सरकतो आणि तोच किलोवॅट १३ रुपयांचे युनिट वाचवायला लागतो. म्हणून प्रत्येक किलोवॅटची बचत वेगळ्या ओळीत दाखवायची आणि घरात पुढे काय येणार आहे ते आधी विचारायचं.

(दृश्य: बिलावरचा बारा महिन्यांच्या वापराचा स्तंभालेख, अगदी जवळून.)

आता हा छोटा आलेख. प्रपोजलसाठी बिलातली सगळ्यात कामाची जागा हीच, आणि सगळ्यात कमी वाचली जाणारीही. वर्षाची सरासरी ३४० असली तरी मे महिन्याचा स्तंभ ५२० चा आणि जानेवारीचा २३० चा असू शकतो. दोन किलोवॅटचं सोलर मे महिन्यात साधारण २८० युनिट देईल. उरले २४०. त्या महिन्याचं बिल २,६९२ रुपये. वर्षाच्या सरासरी वापरावर केलेल्या प्रपोजलने, स्लॅब बरोबर धरूनही, दरमहा ८३१ रुपयांचं बिल सांगितलेलं असतं. ग्राहकाचा पहिला फोन येतो तो याच महिन्यात.

पावसाळ्याचं गणित उलटं. जुलै-ऑगस्टमध्ये किलोवॅटला दिवसाला दोन ते तीन युनिट मिळतात, कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर त्याहूनही कमी. म्हणून बारा महिन्यांचा वापर आणि बारा महिन्यांची निर्मिती समोरासमोर मांडायची, आणि प्रत्येक महिन्याचं बिल स्लॅबने काढायचं. तक्ता बारा ओळींचाच होतो.

शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, पण आर्थिक वर्षापुरतेच. ३१ मार्चला खातं बंद होतं. उरलेले युनिट वीज कंपनी विकत घेते, पण घरगुती दराच्या मानाने फारच कमी भावाने, आणि १ एप्रिलला शिल्लक शून्यावर येते. थंडीत वापर कमी, आकाश निरभ्र, निर्मिती चांगली. शिल्लक साठते ती नेमकी तेव्हा. आणि एप्रिल-मेचा एसी सुरू व्हायच्या तोंडावर ती पुसली जाते. 'जास्तीचे युनिट उन्हाळ्यात वापरा' असं सांगणारा विक्रेता हे विसरलेला असतो, किंवा विसरल्यासारखं करतो.

(दृश्य: बिलाची पहिली बाजू. मागील रीडिंग, चालू रीडिंग, मीटर स्थिती.)

आलेखावरही डोळे झाकून विश्वास नको. मीटर स्थितीपुढे लॉक्ड, फॉल्टी किंवा आरएनटी (रीडिंग घेतलेलं नाही) लिहिलं असेल, तर त्या महिन्याचे युनिट सरासरीने लावलेले असतात. नंतरच्या एका महिन्यात साठलेला वापर एकदम येतो आणि आलेखात खोटा डोंगर उभा राहतो. अशा वेळी शेवटच्या दोन खऱ्या रीडिंगमधला फरक मधल्या महिन्यांवर वाटायचा. रीडिंगचे दिवसही मोजायचे. ३४ दिवसांचं बिल असेल तर स्लॅबही त्या प्रमाणात रुंदावतात. आणि हिशेबाला 'एकूण देयक' कधीच घ्यायचं नाही. त्यात थकबाकी, व्याज, मागची जमा असं बरंच काही मिसळलेलं असतं.

मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर आणि अदानी यांचे दरपत्रक वेगवेगळे. बिलावरचं कंपनीचं नाव बघितल्याशिवाय दर भरू नयेत. स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत आहे. सोलर वीज तयार करतं ती याच तासांत, म्हणून त्या तासांचा दर वेगळा तपासावा.

(दृश्य: प्रपोजलचं शेवटचं पान. पंचवीस वर्षांचा चढता आलेख.)

सगळ्यात मोठी फुगवणूक असते ती या पानावर. वीजदर दरवर्षी ८ टक्के वाढेल, असं कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्या हिशेबाने आजचा १२ रुपये ४१ पैशांचा युनिट पंचविसाव्या वर्षी जवळजवळ ७९ रुपयांना पोचतो. ३ टक्के धरले तर २५ रुपयांना. एका आकड्याने 'आयुष्यभराची बचत' दुपटीहून जास्त हलते. दर सरळ रेषेत वाढत नाहीत. २०२५ मध्ये दरकपातीचा आदेश आला, लगेच त्याला स्थगिती मिळाली, मग फेरआदेश निघाला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शिवाय सोलरची बचत टिकून आहे ती वरच्या स्लॅबच्या चढ्या दरावर. उद्या स्लॅबमधली दरी कमी झाली, तर सरासरी दर तसाच राहूनही बचत घटेल. म्हणून परतफेडीची वर्षं आजच्या दराने, वाढ शून्य धरून काढावीत. वाढीचा तक्ता द्यायचाच असेल तर शेजारी वेगळा द्यावा. पॅनेलची निर्मितीही दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटते. ते त्याच तक्त्यात उतरायला हवं.

निर्मितीतून आणखी दोन गोष्टी वजा होतात. दिवसा वीज गेली की ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेला, इन्व्हर्टर बंद पडतो, ऊन कितीही असो. लाईनवर काम करणाऱ्याच्या सुरक्षेसाठी ते आवश्यकच आहे. काही घरांत भर दुपारी व्होल्टेज वाढतं आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. साइट बघायला गेल्यावर दुपारी मीटरपाशी व्होल्टेज मोजणं हे पाच मिनिटांचं काम, पण सहसा कोणी करत नाही.

(दृश्य: नेट मीटर. पडद्यावर आधी आयात, मग निर्यात.)

नेट मीटर म्हणजे घरात आलेली वीज (आयात) आणि घरातून बाहेर गेलेली वीज (निर्यात) वेगवेगळी मोजणारा मीटर. तो लागल्यावर पहिलं बिल प्रपोजलशी ताडून बघताना एक गोंधळ हमखास होतो. इन्व्हर्टरच्या ॲपवर महिन्याचे २४० युनिट दिसतात आणि बिलावर निर्यात १५० ची. मधले ९० कुठे गेले? ते मीटरपर्यंत आलेच नाहीत. दिवसा फ्रिज, पंखे आणि पंपाने ते घरातच वापरले. घराचा खरा वापर काढायचा तर ॲपवरची निर्मिती, अधिक आयात, वजा निर्यात. त्याच बिलात जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्या मीटरचं सुरुवातीचं रीडिंग मीटर बदलल्याच्या अहवालाशी जुळतं का ते बघायचं. जुळत नसेल तर बिल भरायच्या आधी लेखी अर्ज द्यायचा, आणि अर्जाला दोन्ही मीटरचे फोटो जोडायचे.