मे महिना, सोलापूर आणि कॅमेऱ्याशिवाय सिनेमा

हे स्क्रीनवर जे निळं दिसतंय ना, ते सुती कापडावर उमटलेलं कडुलिंबाचं पान आहे, आणि ते कुठल्या कॅमेऱ्यानं नाही, सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हानं काढलंय. सायनोटाइप म्हणतात याला. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली पद्धत. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड, अशी दोन रसायनं अंधाऱ्या खोलीत मिसळायची, ब्रशनं कापडाला लावायची, वाळलं की वर पान ठेवायचं आणि सरळ गच्चीवर. पारा ४३ च्या वर, अख्खं गाव दारं लावून आत बसलेलं आणि आमची पोरं भर दुपारी गच्चीवर कापडं मांडतायत. जिथं ऊन लागलं तिथं निळं, पानाखाली पांढरं. मग धुवायचं, आणि इथं नळाला काही रोज पाणी येत नाही, त्यामुळे दोन टब भरून ठेवलेले, पहिल्यात पिवळं पाणी सुटू द्यायचं, दुसऱ्यात नीट खळबळायचं आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचं.

मी मीडिया आर्टिस्ट आहे, व्हिडिओ आणि आवाजावर काम करते. हा उन्हाळी वर्ग पूर्व भागात एका पॉवरलूम कारखान्याच्या वरच्या मजल्यावर भरायचा. खाली माग चालू, वर मी ओरडून शिकवतेय. पोरं बहुतेक विणकरांच्या घरची, घरी तेलुगू, गल्लीत सोलापुरी मराठी.

पूर्वी टूरिंग टॉकीज चालवणाऱ्या एका काकांनी त्यांचा जपून ठेवलेला १६ एमएमचा प्रोजेक्टर दिला आणि मग खरी मजा सुरू झाली. अमेरिकन प्रयोगशील फिल्मकार स्टॅन ब्रॅकेज यांनी १९६३ मध्ये मॉथलाइट ही फिल्म केली ती कॅमेरा न वापरता, पतंगांचे पंख, पानं, गवत असं सगळं पारदर्शक टेपमध्ये दाबून. आमच्याकडे सूत भरपूर. मागाखाली साचलेला कापूस, चादरीचे लाल-हिरवे धागे, कांद्याची सालं, जे सापडेल ते पोरांनी चिमट्यानं कोऱ्या फिल्मवर चिकटवलं. फुटाला ४० फ्रेम आणि सेकंदाला २४ पळतात, म्हणजे तासभर मान मोडून केलेलं फूटभर काम पडद्यावर पावणेदोन सेकंदसुद्धा टिकत नाही. "एवढंच काय बे?" असं एक पोरगा शेजारच्याला म्हणाला आणि गुपचूप पुढचा फूट घेऊन बसला.

आणि आवाज! फिल्मच्या एका कडेला साउंडट्रॅकची पट्टी असते, प्रोजेक्टरमधला छोटा दिवा तिच्यातून उजेड टाकतो, पलीकडचा फोटोसेल तो कमी-जास्त होणारा उजेड पकडतो आणि त्याचाच आवाज होतो. काही धागे त्या पट्टीवर आडवे आले होते. प्रोजेक्टर लावला तर स्पीकरमधून खट, खट, खर्रर्र, अगदी खालच्या मागासारखं. सगळी पोरं एकदम गप्प, आणि मग जो दंगा सुरू झाला तो थांबेचना.

रात्री गच्चीवर पांढरी चादर बांधून स्क्रीनिंग. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेसाठी १९६७ मध्ये केलेली थ्रू द आइज ऑफ अ पेंटर दाखवली. राजस्थानात फिरणारा कॅमेरा, छत्री, कंदील, बूट आणि एकही संवाद नाही. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन बेअर पुरस्कार मिळालेली फिल्म, सरकारी पैशातून म्हणजे आपल्याच पैशातून झालेली, आणि पंढरपूर इथून सत्तरेक किलोमीटर, पण गच्चीवर एकानंही ती आधी पाहिलेली नव्हती. याचं मला मनापासून वाईट वाटतं, असल्या फिल्म गल्लीगल्लीत दाखवायला हव्यात.

मग चित्रकार अकबर पदमसींची १९७० ची सिझिजी ही फिल्म लावली. अकरा मिनिटं, आवाज नाही, गोष्ट नाही, नुसत्या रेघा आणि ठिपके. काही जण उठून गेले, जाणारच. पण एका मुलीचे आजोबा, घरी सगळे त्यांना ताता म्हणतात, शेवटपर्यंत पुढे वाकून बघत राहिले. आयुष्यभर जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर चादरी विणलेला माणूस. म्हणाले, "हे तर ग्राफ आहे की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला खाली नेऊन जकार्डची कार्डं दाखवली. आधी डिझाइन ग्राफ पेपरवर चौकोन भरून काढतात, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात. भोक असेल तिथं उभा धागा उचलणारा हूक वर जातो, नसेल तिथं खालीच. एका कार्डाला आडव्या धाग्याची एक ओळ, आणि अशी कितीतरी कार्डं एकमेकांना बांधून केलेली लांबच लांब माळ मागावर फिरत राहते, तेव्हा कुठे चादरीवर फूल दिसतं. ताता एकेक कार्ड उजेडाकडे धरून दाखवत होते आणि त्यांची नात म्हणाली, "ताई, ही पण फिल्मच झाली ना?"

झालीच. आणि इथं घराघरात ती वाचता येणारी माणसं बसलीत, फक्त त्यांना कुणी कधी आर्टिस्ट म्हटलं नाही.

मग वर्गाचा शेवटचा आठवडा आम्ही तातांनाच शिकवायला बसवलं. पोरांनी ग्राफवर डिझाइन काढलं, तेच फिल्मवर मार्करनं फ्रेम-फ्रेम उतरवलं आणि साउंडट्रॅकच्या पट्टीवर धागे लावले. ती फिल्म आता बघा, छोटीशी आहे, आवाज मोठा ठेवा.