शिवणीतली माया

(पडद्यावर: शाळेच्या गणवेशाचा जुना स्कर्ट, उलटा करून ठेवलेला. कात्रीच्या टोकाने टीप उसवणारे हात.)

शिंप्याकडे कपडा टाकताना आई एकच गोष्ट दोनदा सांगायची, माया ठेवा हं. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात ना, त्याला म्हणतात माया. आमच्या गणवेशात ती भरपूर असायची, खाली दुमड तर चांगली चार बोटांची, मग दर जूनमध्ये ती थोडी उसवायची, परत टीप मारायची, आणि जुन्या दुमडीची रेघ स्कर्टवर तशीच दिसत राहायची. वर्गात सगळ्यांच्याच स्कर्टवर रेघा, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

आता तुमच्या कपाटातला गेल्या वर्षभरात ऑनलाइन घेतलेला एखादा टॉप काढा आणि उलटा करून बघा. कडेला ओव्हरलॉक, म्हणजे काठाचे धागे निघू नयेत म्हणून मशीनने घातलेली गुंफण, आणि त्याच्या बाहेर काहीच नाही. मी माझे अकरा टॉप उलटे केले, त्यातल्या नऊमध्ये उसवून सैल करायला जागाच नव्हती. जरा अंग भरलं की टॉप बाद.

हे चुकून होत नाही. फॅक्टरीत कापडाचे थर एकावर एक अंथरतात आणि एकदम कापतात, कुठला तुकडा कुठे बसेल ते आधी कंप्युटरवर जुळवून घेतात, कारण कपड्याच्या खर्चात मोठा वाटा कापडाचाच असतो. पीसमागे एक सेंटीमीटर वाचला तर लाख पीसमध्ये एक किलोमीटर कापड वाचतं. चिंधी कमी निघते हे चांगलंच आहे, पण बचत कापडावर थांबत नाही ना.

(पडद्यावर: सावर, ढाक्याजवळ. ढिगाऱ्याचे जुने फोटो.)

बांगलादेशात सावरला राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती, आत कपडे शिवणाऱ्या पाच फॅक्टऱ्या. 23 एप्रिल 2013 ला भिंतींना भेगा पडलेल्या दिसल्या, इमारत रिकामी केली. दुसऱ्या दिवशी खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, पण शिवणाऱ्या बायकांना मात्र कामावर बोलवलं, कारण ऑर्डर वेळेत जायची होती. सकाळी लाइट गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि थोड्याच वेळात सगळी इमारत खाली आली. 1,134 माणसं गेली. ढिगाऱ्यात युरोप-अमेरिकेतल्या ब्रँडची लेबलं सापडली. त्यानंतर बऱ्याच ब्रँडनी कायद्याने बांधणारा सुरक्षा करार केला, फॅक्टऱ्यांच्या तपासण्या झाल्या, हे झालं ते खरंच मोठं काम आहे. पण जे कपडे आपल्याला सेलमध्ये दोनशे-तीनशेला मिळतात त्यात शिवणाऱ्या बाईच्या हातात किती पडत असेल, हा हिशोब मला अजून झोपू देत नाही.

आणि कापड तरी कसलं? आज जगात जेवढा धागा बनतो त्यात निम्म्याहून जास्त पॉलिस्टर आहे, म्हंजे पेट्रोलियमपासून बनलेलं प्लास्टिकच. घरी बघायचं असेल तर शिवणीच्या आतल्या कापडाचा (टिपेचा नव्हे) एक धागा चिमट्यात धरा, खाली वाटीत पाणी ठेवा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं, आकसतं आणि त्याची कडक गुठळी होते. तेच कापड दर धुण्याला बारीक तंतू सोडतं, ते गटारातून नदीत आणि पुढे समुद्रात जातात.

आमच्या आजीकडे कापड कधी फुकट जात नसे. लुगडं विरलं की त्याची गोधडी, बारीक धावदोरा घातलेली, गोधडी फाटली की पायपुसणं. उरलं ते बोहारणीला, त्यावर एक पातेलं यायचं, त्यासाठी अर्धा तास घासाघीस. सुती कापड धुऊन धुऊन मऊ होतं म्हणून तान्ह्या बाळालासुद्धा त्याची दुपटी करायचे. पॉलिस्टर मऊ होत नाही, त्याला गोळे येतात, घाम टिपत नाही, त्याची गोधडी करून काय उपयोग?

घानाच्या आक्रा शहरात कांतामांटो नावाचा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार आहे. श्रीमंत देशांनी टाकलेले कपडे गठ्ठ्यांनी तिथे येतात. तिथले लोक त्यांना ओब्रोनी वावू म्हणतात, मेलेल्या गोऱ्याचे कपडे, कारण एवढा चांगला कपडा कुणी जिवंतपणी टाकेल हे खरं वाटायचंच नाही. आता विक्रेते गठ्ठा न उघडता विकत घेतात, कधी कर्ज काढून, आणि आत विटलेला, फाटका माल निघतो. विकला नाही तो कचऱ्यात, तिथून समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत रुतलेला.

आपल्याकडे हरियाणात पानिपतला परदेशातले जुने लोकरी कपडे येतात. बायका बसून चेन, बटणं, लेबलं काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात म्हणजे परत रंगवावं लागत नाही, मग तो माल फाडून पिंजून त्याचं सूत आणि सुताची ब्लँकेटं. भूकंप, पूर कुठेही आला की मदतीत वाटतात ना, ती ब्लँकेटं इथली असायची. त्या धंद्यालाही स्वस्त पॉलिस्टर ब्लँकेटांनी मार दिलाय.

मग घालायचं काय? माझं म्हणणं एवढंच आहे, आधी जे आहे ते घाला. नवीन सुती ड्रेससुद्धा पाणी खातोच, शेतात आणि रंगवताना, त्यामुळे कपाट रिकामं करून सगळं ऑरगॅनिक भरणं हा मला उपाय वाटत नाही. पॉलिस्टरचे कपडे असतील तर तेच वापरा, फक्त कमी वेळा आणि गार पाण्यात धुवा. बटण तुटलं तर त्याच दिवशी लावा. मोठ्या बहिणीचे, मावसबहिणीचे कपडे घ्यायला लाजू नका. नवीन घ्यायचंच तर उलटं करून घ्या, शिवण बघा, लेबल वाचा. आणि गल्लीतला शिंपी टिकवा, रफू करणारा कुठे बसतो ते माहीत करून ठेवा.

(पडद्यावर: जिन्याखालचं शिंप्याचं दुकान. मशीनवर निळा कुर्ता.)

मागच्या महिन्यात आईचा जुना निळा कुर्ता घेऊन शिंपीकाकांकडे गेले. त्यांनी बाजू उसवली, टेप लावली आणि म्हणाले, ताई, दोन्हीकडून एक-एक इंच माया आहे, आरामात बसेल तुम्हाला. बाहेरचं कापड पंचवीस वर्षांत फिकं झालंय, पण शिवणीच्या आतलं उन्हाला कधी लागलंच नव्हतं, ते नव्यासारखं गडद निघालं. आता कुर्त्याच्या दोन्ही बाजूंना गडद निळी पट्टी दिसते, जुन्या टिपेची रेघ पण दिसते. मी तो ऑफिसला घालते.