म्हातारचळ की गोळी?

श्रोतेहो, नमस्कार.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की पोरगं ताट घेऊन बसतं. वाफ जायची असते, आमटीला फोडणी पडायची असते, पण त्याला दम निघत नाही. भूक पोटात असते हे खरं. घाई मात्र त्या शिट्टीने लावलेली असते.

मेंदूचे अभ्यासक वुल्फ्राम शुल्त्स यांनी स्वित्झर्लंडमध्ये माकडांवर हेच पाहिलं. रसाचा घोट अचानक मिळाला की माकडाच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी उसळायच्या. मग रसाआधी दिवा लावायला सुरुवात केली. माकडाला सवय झाल्यावर पेशी दिव्यालाच उसळू लागल्या, रस आला तरी ढिम्म. दिवा लागूनही रस आला नाही, तर तो यायच्या नेमक्या क्षणी त्या मंदावायच्या. म्हणून डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणणं मला पटत नाही. ते ‘आता मिळणार’ची चाहूल देतं.

ही चाहूल औषधाने वाढली तर? कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्या डोपामिनची नक्कल करतात. हातपाय मोकळे होतात. पण आयुष्यात कधी पत्त्यांना हात न लावलेले आजोबा रात्री दोनला पांघरुणात मोबाईलवर पैसे लावून रमी खेळताना सापडतात. विचारलं तर म्हणतात, “कळतं रे सगळं, पण थांबवत नाही.” घरचे म्हणतात, म्हातारचळ लागला.

अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. जुगार, खरेदी, खाणं किंवा कामवासना यांपैकी एखादी गोष्ट हाताबाहेर गेलेले रुग्ण अशा गोळ्या घेणाऱ्यांत सुमारे १७ टक्के होते, न घेणाऱ्यांत सुमारे ७. त्याच वर्षी लंडनमध्ये धडधाकट माणसांना डोपामिन वाढवणारं लेव्होडोपा देऊन पाहिलं. थांबून जास्त पैसे घेण्यापेक्षा लवकर मिळणारे थोडे पैसे ती अधिक वेळा निवडू लागली.

पण डोपामिन वाढलं की धीर सुटतो, इतकं हे गणित सरळ नाही. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, असलेल्या मुलांना दिलं जाणारं मिथाइलफेनिडेटही डोपामिन वाढवतं, आणि त्याने बऱ्याच मुलांना थांबणं जमू लागतं. मेंदूच्या कुठल्या भागात किती, यावर बरंच अवलंबून असतं.

आजोबांची गोळी मात्र परस्पर बंद करू नका, ते धोक्याचं आहे. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात, आणि अनेकांचा तो नाद ओसरतो. अडचण एवढीच, की लाजेपायी आजोबा स्वतःहून हे सांगणार नाहीत. तपासणीला जाताना फायलीबरोबर त्यांचं पासबुकही घ्या.