चौदा गावचं पाणी

बदलीच्या नोकरीतल्या माणसाबद्दल आपण म्हणतो, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एडविन जॅक्सन याचं बिऱ्हाड तसंच होतं. वडील अमेरिकी लष्करात, त्यामुळे १९८३ साली त्याचा जन्मच पश्चिम जर्मनीतल्या नॉय-उल्मचा. विसाव्या वाढदिवशी तो लॉस एंजेलिस डॉजर्सकडून मेजर लीगमधला, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधला, पहिला सामना खेळला, आणि समोर रँडी जॉन्सनसारखा दिग्गज पिचर असताना जिंकला. अशा मुलाचं आयुष्य एका संघात जाईल, असंच कोणालाही वाटलं असतं.

बेसबॉलमध्ये ‘ट्रेड’ असतो. करार खेळाडूचा, पण संघ तो दुसऱ्या संघाला देऊन टाकू शकतो. मेजर लीगमध्ये दहा वर्षं काढलेल्या आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच संघात असलेल्या खेळाडूला नकाराचा हक्क आपोआप मिळतो. म्हणजे जो सतत हलवला जातो, त्याला तो कधीच मिळत नाही! मला हे फार लागतं.

त्याचा एक सामना मात्र मी पुन्हा पुन्हा आठवतो. २५ जून २०१०, सेंट पीटर्सबर्ग. जॅक्सन तेव्हा ॲरिझोनाकडे, समोर त्याचाच जुना संघ टॅम्पा बे. चार चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेले की फलंदाज बॅट न लावता पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, जातो, त्याला वॉक म्हणतात. जॅक्सनने पहिल्या तीन डावांत असे सात वॉक दिले. तिसऱ्या डावात तर तिन्ही बेस भरलेले आणि एकही जण बाद नाही. तरी धाव दिली नाही. शंभरेक चेंडूंनंतर पिचरला सहसा बाहेर काढतात; हा १४९ टाकून गेला आणि नऊ डावांत प्रतिस्पर्ध्याला एकही हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं, मिळाली नाही. निकाल १-०. निर्दोष पिचिंगपेक्षा मला हे मोठं वाटतं, कारण त्या दिवशी चेंडू त्याचं ऐकत नव्हता आणि तरीही तो हटला नाही.

पाचच आठवड्यांत, ३० जुलैला, त्याला शिकागो व्हाइट सॉक्सकडे धाडलं.

पुढच्या वर्षी २७ जुलैला तर एकाच दिवसात दोन ट्रेड झाले: शिकागोहून टोरांटो, टोरांटोहून सेंट लुईस. टोरांटोसाठी एकही चेंडू न टाकता तो पुढे गेला, आणि त्याच मोसमात सेंट लुईसबरोबर वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम मालिका, जिंकला. मग वॉशिंग्टन, शिकागो कब्ज, अटलांटा, मायामी... कब्जकडे २०१३ मध्ये १८ सामने हरला, तेही सोसलं.

मे २०१९ मध्ये ओकलंडने त्याला पैशांच्या मोबदल्यात सोडलं. घेणारा संघ टोरांटो! १५ मेला सॅन फ्रान्सिस्कोत तो टोरांटोच्या गणवेशात पिचिंगला उभा राहिला. हा चौदावा संघ. तोवर इतक्या संघांकडून मेजर लीगमध्ये कोणीही खेळलेलं नव्हतं.

कारकिर्दीचा हिशोब १०७ विजय, १३३ पराभव. त्यानंतर २०२१ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, टोकियो ऑलिंपिकला तो अमेरिकेच्या संघात होता. रौप्यपदक घेऊन परतला आणि सप्टेंबरमध्ये निवृत्त झाला.